चौदा मुशींची पंगत

"ह्या सात जणांक औषध, नि त्या सात जणांक नुसता पीठ?" बाबीमामांनी विचारलं.

सकाळचे सात वाजले होते. माझ्या नाकावर कापूर घातलेला रुमाल बांधलेला होता आणि हातात पोट चिरलेली कोळंबी होती. त्या अवस्थेत कोणी मला प्रश्न विचारलेला मला आवडत नसे. अजूनही आवडत नाही.

"हो," मी म्हणाले.

"असा कित्याक?"

"प्रयोग आहे, मामा."

"तां झाला. पण असा कित्याक?"

"तुम्ही घाला हो. निळी थाळी डाव्या टाकीला, पांढरी थाळी उजव्या टाकीला. एकेका मुशीला दोन कोळंब्या. एवढं लक्षात ठेवलंत की झालं."

बाबीमामांनी आधी निळ्या थाळीकडे पाहिलं, मग पांढऱ्या थाळीकडे पाहिलं. मग दोन्ही थाळ्या उचलून ते पायऱ्या उतरून टाक्यांकडे गेले. मी रुमाल सोडला, बाहेर व्हरांड्यात आले आणि दोन वेळा खोल श्वास घेतला. मग वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं : "खाद्य स्वतः दिले. उ. बि." ही त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट.

उ. बि. म्हणजे उमा बिराजदार, मुक्काम लातूर. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि मी मात्र मालवणच्या अलीकडे एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या संशोधन केंद्रात मुशींच्या कलेजावर डॉक्टरेट करत होते. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. आमच्याकडच्या हातभर लांबीच्या होत्या, दिवसभर टाकीच्या तळाशी गोणपाटासारख्या पडून असायच्या. घरी मी सांगितलं होतं की माझा विषय यकृत आहे. कोणाचं यकृत ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यामुळे गावाकडून मला काविळीवर औषध विचारणारी पत्रं यायची. मी सगळ्यांना मुळ्याचा पाला आणि उसाचा रस कळवत असे. कोणी दगावल्याचं कानावर आलं नाही.

वडिलांनी मला अट घालून पाठवलं होतं. फेलोशिप चालू आहे तोवर राहायचं. ती बंद झाली की मुकाट्याने परत यायचं आणि बोहल्यावर चढायचं, कारण बी-बियाणांच्या दुकानवाल्या पाटण्यांचा मुलगा त्यांनी थांबवून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. पण तो बोलायला लागला की संकरित ज्वारीपासून सुरू करायचा आणि संकरित ज्वारीवरच थांबायचा.

फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही हे माझे मार्गदर्शक डॉ. निफाडकर ठरवणार होते. सर मुंबईला असत आणि दोन महिन्यांतून एकदा एस.टी.ने येत. त्यांचं आयुष्य एका प्रश्नाभोवती गेलं होतं, आणि तो प्रश्न ते मला पहिल्याच दिवशी समजावून बसले होते.

"हे बघ, उमा," ते म्हणाले होते, "कलेजं म्हणजे घरातली चूल. गळ्यात एक थायरॉईड ग्रंथी असते, ती म्हणजे फुंकणी. तिच्यातून जो रस निघतो तो कलेजाला म्हणतो, पेट. माणसात हे असंच आहे. उंदरातही असंच आहे. पण मुशी ही फार जुनी जात. डायनासोरच्याही आधीची. तिच्या गळ्यातही ही फुंकणी आहे. ती खरंच फुंकते की नुसती खुंटीला टांगलेली आहे?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"फुंकते. पंधरा वर्षं सांगतोय, फुंकते. तो कलकत्त्याचा मुखर्जी म्हणतो टांगलेली आहे. गाढव आहे तो."

म्हणून हा प्रयोग. डाव्या टाकीतल्या सात मुशींना महिनाभर थायरॉक्सिन द्यायचं. त्याच्या गोळ्या खलात कुटायच्या, कणकेत कालवायच्या, कोळंबीच्या पोटात भरायच्या आणि दोऱ्याने बांधायच्या. उजव्या टाकीतल्या सात जणींनाही तश्शीच भरली कोळंबी द्यायची, पण आत नुसती कणीक. महिन्याने सगळ्यांची कलेजी काढून त्यांच्या चकत्या काचेच्या कुप्यांत ठेवायच्या आणि त्या किती प्राणवायू खातात ते मोजायचं. डाव्या टाकीची कलेजी जास्त खाऊ लागली तर फुंकणी फुंकते.

सरांचा एकच नियम होता. ज्याचा प्रयोग त्याचा हात. माझ्या आधीच्या मुलाने तापमापक शिपायाकडून वाचून घेतला होता. सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी त्याला दुपारच्या एस.टी.त बसवून दिलं आणि त्याची वळकटी नंतर पोस्टाने पाठवली. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण टाक्यांपाशी सकाळी जो वास मारायचा तो मला सहन होत नसे. कोळंब्या भरण्यापर्यंत मी कशीबशी तग धरत असे. पुढचं काम बाबीमामांवर सोपवून मी व्हरांड्यातून उंटावरून शेळ्या हाकायची, आणि वहीत सही मात्र माझी असायची.

बाबी कुबल हे केंद्राचे मदतनीस. गाबीत, म्हणजे तिथले मासेमार; पन्नाशी उलटलेले, सडसडीत. समुद्रातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं सरांनाही कळत नसावं, पण सरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मला ते बाय म्हणत. मी त्यांच्यावर खेकसत असे आणि ते ते मनावर घेत नसत.

गावातल्या देवळात माघात समाराधना होती. मीही गेले, कारण त्या जेवणात कांदासुद्धा नसतो असं मामांनी मला दोनदा सांगितलं होतं. तिथे मी वेगळेच बाबीमामा पाहिले. कमरेला पंचा, हातात खिरीची कळशी, आणि अख्खी पंगत त्यांच्या धाकात. ते वाढायला सुरुवात करत ती शेवटच्या पानापासून. वरच्या टोकाला बसलेल्या सरपंचांनी हात लांबवून म्हटलं, "बाबी, हडे जरा दाट घाल बघू."

"तुमची पाळी इली की घालतंय," मामा म्हणाले, "नि सगळ्यांच्या पानात पडली तीच पडात."

लोक हसले. सरपंचांनी हात आखडता घेतला. मी दोन वाट्या खीर खाल्ली आणि हा प्रसंग विसरून गेले.

महिना संपला. मी कलेजी काढली. त्याबद्दल फार सांगत नाही, पण तोपर्यंत माझं नाक बऱ्यापैकी मेलं होतं. मुशीच्या पोटात उघडल्याबरोबर कलेजंच कलेजं दिसतं, पिवळसर आणि तेलाने थबथबलेलं. मामांच्या वडलांच्या काळात त्या तेलाने होड्या माखत. चार दिवस मी चकत्या करत होते, कुप्या हलवत होते आणि आकडे मांडत होते. डाव्या टाकीची सरासरी आणि उजव्या टाकीची सरासरी शेजारी शेजारी लिहिली तेव्हा मला वाटलं मी एकच आकडा दोनदा लिहिलाय. पुन्हा हिशेब केला. पुन्हा तेच. सरांना तार केली : "फरक नाही."

शनिवारी दहाच्या एस.टी.ने सर उतरले. हातपायही न धुता ते कागद घेऊन बसले. अर्धा तास त्यांनी एकेक आकडा तपासला. बाबीमामा चहा घेऊन आले आणि कपबशी हातात धरून तसेच उभे राहिले.

"औषध जुनं होतं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. डबा नवीन फोडला."

"मुशी आजारी?"

"नाही सर. एकही आजारी पडली नाही."

"खाद्य कोणी घातलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं माझे कान तांबडे झालेले साऱ्या तालुक्याला दिसत असतील.

"मी," मी म्हणाले.

बाबीमामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. सरांनी वही उघडली आणि तीसच्या तीस सह्यांवरून बोट फिरवलं.

"मग संपलं," ते म्हणाले. "मुखर्जी बरोबर, मी गाढव." चष्मा काढून ते तो बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं कौतुक आहे मला. मार्गदर्शकाच्या विरुद्ध जाणारा निकाल आहे तसा कळवायला धाडस लागतं. दुसऱ्या कोणी आकडे ओढूनताणून माझ्या बाजूला आणले असते. फेलोशिपची शिफारस मी आजच करतो."

त्यांनी तिथेच दोन पत्रं लिहिली. एकात माझी शिफारस, आणि दुसऱ्यात मुखर्जींना कळवलेलं की गेली पंधरा वर्षं मी चुकीचं सांगत होतो. दुसरं लिहिताना ते दोनदा थांबले. दोन्ही पाकिटं त्यांनी बाबीमामांकडे दिली, कारण टपालाची थैली साडेतीनच्या गाडीने जायची. मग "मला जेवायला नको" म्हणून ते विश्रामाच्या खोलीत जाऊन पडले. सर नाशिककडचे असले तरी माशापुढे कोणाही मालवण्याला हटायचे नाहीत. त्यांनी जेवण नाकारलं म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते मला कळलं.

अडीच वाजता बाबीमामा व्हरांड्यात आले. दोन्ही पाकिटं त्यांच्या हातातच होती.

"सायब जेवले नाय," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"त्या पत्रात काय असा?"

एरवी मी म्हटलं असतं की तुम्हाला काय करायचंय. पण त्या दिवशी माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता. मी त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. चूल सांगितली, फुंकणी सांगितली, पंधरा वर्षं सांगितली. डाव्या टाकीला औषध का आणि उजव्या टाकीला पीठ का, तेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे डाव्या टाकीतल्यांचा कलेजा वेगळा दिसाक व्हया होता."

"हो."

"नि तां सारख्या निघाला."

"हो, मामा."

ते पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"बाय, तां सारख्याच निघतला. मी तेंका सारख्याच घातलंय."

"म्हणजे?"

"रोज एकेकाक दोन कोळंबी. एक निळ्या थाळयेतली, एक पांढऱ्या थाळयेतली. चौदाय जणांक. एक दिवस चुकलंय नाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभर मला वाटलं की हा माणूस माझी थट्टा करतोय. मग वाटलं, याला टाकीत ढकलावं.

"मामा, मी तुम्हाला सांगितलं होतं. डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी. सांगितलं होतं की नाही?"

"सांगलंस. कित्याक, तां नाय सांगलंस. मी दोनदा इचारलंय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मी सात वर्षांचो होतंय," ते म्हणाले, "खोताच्या घरच्या लग्नात आमी जेवक गेलो. आमका बसवला शेवटाक. वरच्या बाजूक खीर, नि आमच्याकडे येयपर्यंत तेच्यात पाणी घातलला. रंग तोच, वाडगो तोच. पण तोंडात घातल्यावर कळता ना? माझो बापूस काय बोललो नाय. पाणी प्यालो नि उठलो. तेव्हापासून मी ठरवलंय, माझ्या हातान वाढीन तेव्हा पंक्तिप्रपंच करूचंय नाय. आता तूच सांग. कोळंबी तीच, दोरो तोच, नि आत एकाक औषध, दुसऱ्याक नुसता पीठ. माका वाटला, बायचो काय तरी राग असा उजव्या टाकीवर."

"मुशी आहेत त्या, मामा."

"मुशी झाल्यो म्हणान काय झाला? महिन्यान चौदाय जणांका मरूचाच होता. मरूच्या आधी जेवान तरी सारख्या गावूक व्हया."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही आवरायला मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग दोन्ही पाकिटं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "माझा नाव सांग सायबाक. म्हातारो चुकलो म्हणान सांग. माझी पक्की नोकरी, माका काय करतले?"

भाबडे होते. त्यांचं नाव सांगायचं म्हणजे कोळंब्या त्यांनी घातल्या हे सांगायचं, आणि मग वहीतल्या तीस सह्यांचं काय? तापमापकवाल्याची वळकटी माझ्या डोळ्यांपुढे आली. वळकटीमागोमाग संकरित ज्वारी आली.

उलट, मी नुसती गप्प बसले तर माझी शिफारस साडेतीनच्या गाडीने मुंबईला जाणार होती. मुखर्जी खूष, मी खूष, आणि सर वाईट वाटून घेऊन चार दिवसांत सावरले असते. माणसं सावरतात. आणि काय सांगावं, फुंकणी खरोखरच टांगलेली असेलही. असं मी स्वतःला पंधरा मिनिटं समजावत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते पटतही आलं होतं. मी गप्प बसायचं ठरवलं.

"टाकून या पेटीत," मी म्हणाले.

बाबीमामा उठले. पाकिटं उचलली. दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि वळून म्हणाले, "बाय, सायबाच्या पत्रात पाणी घातलेला असा ह्या तेंका ठावक नाय."

खाली वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. मी उठले, मामांच्या हातातून पाकिटं ओढून घेतली आणि सरांच्या खोलीकडे धावत गेले. धावत अशासाठी की चालत गेले असते तर वाटेत माझं मन पुन्हा बदललं असतं.

सर कपाळावर ओला पंचा ठेवून पडले होते.

"सर, कोळंब्या मी घातल्या नाहीत."

पंचा हलला नाही.

"महिनाभर बाबीमामांनी घातल्या. मला वास सहन होत नव्हता. सह्या खोट्या आहेत. आणि मामांनी दोन्ही टाक्यांना एक एक दिली, औषधाची एक आणि पिठाची एक. सगळ्यांना. कारण मी त्यांना का ते सांगितलं नव्हतं."

सर उठून बसले. पंचा मांडीवर पडला.

"सगळ्यांना?"

"चौदा जणींना."

"निम्मं निम्मं?"

"हो सर."

सर पलंगावरून उतरले, खिडकीपर्यंत गेले, तिथून परत आले आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "अगं, मग काहीच सिद्ध झालं नाही. फरक कसा दिसेल? दोन्हीकडे फुंकणी. मुखर्जीचं पत्र गेलं का?"

मी पाकिटं पुढे केली. त्यांनी ती छातीशी धरली. इतका आनंदी माणूस मी लग्नातसुद्धा पाहिलेला नाही. अनवाणी पायांनी ते खोलीभर फिरले, मग दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या बाबीमामांना म्हणाले, "बाबी, जेवायला काय आहे?"

"बांगड्याचा तिकला, सायबानू."

"वाढ." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा बदलला. "आणि तू. तीस खोट्या सह्या. तुला मी साडेतीनच्या गाडीत बसवायला हवं."

"हो सर."

"बसवणार आहे. पण आधी मला जरा आनंद होऊ दे."

ते जेवायला बसले. तिकल्याचा दुसरा घास घेताना खाली गाडी सुटल्याचा आवाज आला. सरांनी तो ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेली वाटतं. आता उद्याचं उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी शिफारस फाडली. मुखर्जींचं पत्र मात्र फाडलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. म्हणाले, पुन्हा चौदा मुशी आणा. रजा वाढवून ते स्वतः महिनाभर राहिले. या खेपेला कोळंब्या मी भरायच्या आणि मीच घालायच्या, रुमालाशिवाय, आणि सर घड्याळ घेऊन शेजारी उभे राहणार. पहिल्या दिवशी मी टाकीशेजारच्या गटारात ओकले. "वहीत लिही," सर म्हणाले. मी लिहिलं. आठव्या दिवशी मला त्या वासातच भूक लागायला लागली. आईला ते कधी कळवलं नाही.

बाबीमामा त्या वेळी टाक्यांकडे पाठ करून बसायचे. पंक्तिप्रपंच बघवत नाही म्हणायचे. आता का ते त्यांना माहीत होतं, पटलंही होतं, पण बघवत मात्र नव्हतं. एकदा हळूच म्हणाले, "बाय, उजव्या टाकीतली ती शेपटेक खाच असलेली दिवसान दिवस सुकता हा." मी तिचं वजन करून दाखवलं. ती दोन तोळे वाढली होती.

सरांचं मात्र उजव्या टाकीवर भलतंच प्रेम बसलं होतं. "या सात जणी शुद्ध कणकेवर वाढल्यात," ते रोज म्हणत. "कलेजी काढून झाली की बाकीचं वाया घालवायचं नाही. बाबी, तुझ्या घरी मुशीचं मटण करायचं. खोबरं भाजून." एकोणतीस दिवस त्यांनी त्या मटणाचा बेत केला.

तिसाव्या दिवशी कलेजी निघाली. चकत्या मी केल्या, कुप्या मी हलवल्या, आकडे सरांनी मांडले. डावी सरासरी त्यांनी लिहिली. तिच्या शेजारी उजवी लिहिली. मग पेन्सिल खाली ठेवली.

काही फरक नव्हता. अगदी नावालासुद्धा नव्हता. निदान आमच्या मुशींच्या कलेजात तरी फुंकणी टांगलेलीच निघाली.

मी वाट पाहत होते की आता पंचा ओला करायला लागणार. पण सरांनी खण उघडला, मुखर्जींचं पत्र काढलं, वरची तारीख खोडली आणि नवीन घातली.

"बाकी सगळं तेच आहे," ते म्हणाले. "पण आता ते खरं आहे." दुसऱ्या कागदावर त्यांनी माझी शिफारस पुन्हा लिहिली. त्यात एक वाक्य वाढवलं होतं, की या विद्यार्थिनीने एक चूक केली आणि ती मला गाडी सुटायच्या आत सांगितली. ते वाचून मला रडू आलं. सर म्हणाले, कागदावर पडू देऊ नकोस, शाईचं आहे.

बाबीमामा बाहेर उभे होते. निकाल ऐकून त्यांनी मान हलवली. "मगे माझा चुकला काय, सायबानू? तेव्हाय सारख्या, आताय सारख्या."

सरांनी दोन्ही पत्रं पाकिटांत घालून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. पडवीत केळीची पानं मांडली होती. मामांचे दोन भाऊ, शेजारचे तांडेल, सर, आणि शेवटच्या पानावर मी. मी पाहुणी आणि शाकाहारी, मला आत वेगळं बसवतील असं वाटलं होतं. पण मामांनी मला पंगतीतच बसवलं. सर माझ्या शेजारी, शर्टाच्या बाह्या दुमडून, हात धुऊन तयार. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

मामा कढई घेऊन आले. नेहमीप्रमाणे शेवटच्या पानापासून. माझ्या पानावर काळ्या वाटाण्याचं सांबारं पडलं, दोन वडे पडले, सोलकढीची वाटी आली. मग ते सरांच्या पानाशी आले, आणि तिथेही काळ्या वाटाण्याचं सांबारंच पडलं.

"बाबी," सर म्हणाले, "मुशी?"

"ती उजव्या टाकीतली व्हय? ती माझ्या पुतणीकडे गेली. पंधरा दिवसांची बाळंतीण असा. मुशीन दूध येता."

"सातही?"

"जुळी झाली, सायबानू."

"मग बांगडा? कोळंबी तरी?"

"ह्या पंगतीत बाय बसली हा," मामा म्हणाले. "ती खाणा नाय. मगे एकाच्या पानात मासो नि दुसऱ्याच्या पानात वाटाणो, असा माझ्या हातान कसा वाढूचा?" आणि कढई घेऊन ते पुढच्या पानाकडे सरकले.

त्यांचे भाऊ आणि तांडेल लगेच जेवायला लागले. त्यांना सवय असावी. मी मान वर करू शकत नव्हते. घास हातात तसाच राहिला होता, आणि डोळ्यांत का पाणी यावं ते मला कळत नव्हतं, वाटाण्याला तिखट तर बेताचंच होतं.

सरांनी माझ्या पानाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पानाकडे पाहिलं.

"काही फरक नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी वडा मोडला.